जंगलात कुट्या उभारायच्या असतील तर: पहिल्या फेरीपासून पहिल्या पाहुण्यापर्यंत

जंगलात दोनचार लाकडी कुट्या बांधून लोकांना तिथे राहायला बोलवायचं असं मनात आलं, की बहुतेकजण आधी कुटीचं चित्र काढायला बसतात. उतरतं छप्पर, मोठी खिडकी, पुढे बसायला लाकडी ओटा. माझा आग्रह असा की हे चित्र शेवटी काढा. वीस चौरस मीटरची कुटी जंगलाचं फारसं बिघडवत नाही. बिघडवतो तो तिथवर लाकूड घेऊन गेलेला ट्रक, पाण्याच्या पाइपसाठी खणलेला चर, बांधकामाचं सामान महिनोन्‌महिने रचून ठेवलेला तुकडा, आणि नंतर रोज शौचालयातून नि न्हाणीतून जमिनीत उतरणारं पाणी. फोटोत दिसते कुटी, पण जंगल सोसतं ते कुट्यांना जोडणाऱ्या रेषांमुळे. म्हणून आधी जमीन आणि पाणी, मग वाटा, आणि त्यानंतर कुटी, या क्रमाने जाऊ.

आधी वर्षभर नुसतं फिरा

जागा ताब्यात आली की लगेच कुदळ हातात घेऊ नका. एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू, तिथे फिरण्यासाठी राखून ठेवा. पुढे निस्तरावी लागणारी निम्मी दुखणी याच काळात ध्यानात येतात. कोरड्या दिवसांत सपाट, मोकळी, जणू कुटीसाठीच राखून ठेवल्यासारखी वाटणारी जागा मोठ्या पावसानंतर घोटाभर पाण्यात उभी असते. तेव्हा पाऊस ओसरल्यावर तासाभरात तिथे जा. पाणी कुठून उतरतं, कुठे साचतं, कुठे जिरतं ते नकाशावर उमटवा. तसंच एकदा पहाटे जा, एकदा भर दुपारी, आणि निदान दोनतीन वेळा रात्री. टॉर्च बंद करून अर्धा तास गप्प बसलं की त्या जंगलात रात्री कोण कोण वावरतं याचा अंदाज येतो. पुढे दिवे कुठे लावायचे नाहीत हे त्यावरूनच ठरतं.

नकाशावर आणखी काय हवं? जुनी मोठी झाडं, ढोल्या असलेली झाडं, वाळून उभी राहिलेली खोडं, प्राण्यांच्या रोजच्या वाटा, ओलसर खळगे, झरे, आणि वाऱ्याची दिशा. वाळलेल्या नि पोखरलेल्या झाडांवर थोडं थांबतो, कारण 'साफसफाई'च्या नावाखाली पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. घुबडं, वटवाघळं, सुतारपक्षी, मधमाश्या, असंख्य भुंगेरे आणि बुरशा या मेलेल्या लाकडाच्या आधाराने जगतात. असं झाड कुटीवर पडण्याची भीती खरी आहे, पण त्याला उपाय झाड तोडण्याचा नसून कुटी हलवण्याचा आहे. झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवा, म्हणजे ते पडलं तरी कुणाला इजा होणार नाही आणि आडवं झाल्यावरही त्याचं काम चालू राहील.

दहाबारा ठिकाणी खुंट्या ठोका आणि दर ऋतूत त्याच खुंटीपाशी उभं राहून त्याच दिशेने फोटो काढा. पाच वर्षांनी एखाद्या वाटेकडेची झुडपं विरळ झाली की काय असा प्रश्न पडेल, तेव्हा आठवणीवर भरवसा ठेवावा लागणार नाही.

या वर्षात एखाद्या वनस्पतितज्ज्ञाला आणि झाडांच्या तब्येतीची जाण असलेल्या माणसाला किमान दोन वेगवेगळ्या ऋतूंत जागेवर न्या. कागदपत्रांचं कामही याच काळात हाती घ्या: जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी, बांधकाम, झाडतोड, सांडपाणी, आगीपासून सुरक्षा, पाहुणे ठेवण्याचा परवाना, विमा, आणि जागेपर्यंत जाण्याचा कायदेशीर रस्ता. नियम देशागणिक वेगळे असले तरी ही यादी जवळपास सगळीकडे लागू पडते. परवानगीआधी एकही खड्डा खणू नका. 'तात्पुरती' किंवा 'चाकांवरची' कुटी आहे म्हणून परवानगी लागत नाही, असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा.

किती कुट्या, हे पैशांवरून ठरवू नका

हिशेब मांडताना लोक म्हणतात, आठ कुट्या असल्या तरच परवडतं. जंगलाला आठ परवडतात का, हे आधी विचारायला हवं. याचं उत्तर तिथल्या सगळ्यात तोकड्या गोष्टीत असतं. कुठे ती पाणी असते, कुठे सांडपाणी जिरवण्याची जमिनीची ताकद, कुठे बाहेर पडायचा रस्ता.

पाण्याचं उदाहरण घेऊ. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. ३० चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस असेल तर ३०,००० लिटर. बाष्पीभवन, पहिल्या सरीचं टाकून द्यायचं पाणी आणि गळती मिळून पाचवा हिस्सा वजा करा, २४,००० उरले. कोरडं शौचालय आणि बेताचा शॉवर असेल तर दोन माणसांना दिवसाला १२० लिटर पुरतात. म्हणजे त्या एका छपरावर वर्षाला २०० मुक्काम भागतात. पण पाऊस वर्षभर सारखा पडत नाही. सलग १२० दिवस कोरडे जात असतील आणि त्यातल्या ७२ रात्री कुटी भरलेली असेल, तर ८,६४० लिटर साठवावे लागतील. दहा हजार लिटरची टाकी भरली की तिच्यात दहा टन पाणी असतं. हे ओझं एखाद्या मोठ्या झाडाच्या मुळांवर ठेवलं तर पाणी वाचवण्याच्या नादात झाड जाईल. अशा गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. कागदावर सुट्या सुट्या मांडल्या की नजरेतून निसटतात.

विहीर किंवा बोअर असेल तर उपसा मोजा, आणि कोरड्या ऋतूच्या शेवटी मोजा. त्या दिवसांत मिळणारं पाणी हाच तुमचा खरा आकडा.

जमीन पाणी किती जिरवते हेही स्वतः पाहता येतं. सांडपाणी जिथे सोडायचं त्या खोलीपर्यंत फूटभर रुंद खड्डा खणा, पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पातळी ठरावीक बोटं उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. फार सावकाश जिरत असेल तर सांडपाणी वर येऊन डबकं होईल. फार झपाट्याने जिरत असेल तर ते गाळलं न जाताच भूजलाला मिळेल. नेमकी मोजणी जाणकाराकडून करून घ्या, पण त्याला बोलावण्याआधी आपल्याला अंदाज असलेला बरा.

हिशेबातून सहाचा आकडा आला तर तीनच बांधा. पहिली दोन वर्षं दोनच चालवा.

मुळांची हद्द आखा

झाडाची मुळं खाली खोल जातात असं आपण लहानपणापासून चित्रांत पाहत आलो. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच पलीकडे पसरलेली असतात. अन्नपाणी शोषणारी केसासारखी बारीक मुळं तर त्याहून वर, पाचोळ्याच्या लगत. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि ती मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळते. वरून ट्रक गेला की ती पोकळी मिटते. सगळ्यात जास्त दाब पहिल्या काही फेऱ्यांतच बसतो, त्यामुळे 'एकदाच आत नेतो' हे वाक्य बांधकामाच्या जागी कुणी काढलं की तिथल्या तिथे थांबवा. झाड मात्र त्या वर्षी काहीच दाखवत नाही. तीनचार वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, शेंडा वाळायला लागतो, आणि तोवर तो ट्रक कुणालाच आठवत नसतो.

हद्द किती धरायची? ब्रिटनमधलं बीएस ५८३७ हे बांधकाम आणि झाडांसंबंधीचं मानक एक सोपं सूत्र देतं: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याला १२ ने गुणा, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ राखून ठेवा. त्याची कमाल मर्यादा १५ मीटर. खोडाचा घेर १२६ सेंटिमीटर असेल तर व्यास ४० सेंटिमीटर, म्हणजे सगळ्या बाजूंनी ४.८ मीटर. फार जुन्या, म्हाताऱ्या झाडांना मी याहून बरंच जास्त देईन. वर्तुळं नकाशावर काढली की कळतं, कुटीसाठी मोकळी जागा वाटली होती त्यापेक्षा किती कमी आहे. हे आता कळलेलंच चांगलं.

आणि वर्तुळ नुसतं नकाशावर ठेवू नका. पहिलं वाहन फाटकातून आत येण्याआधी प्रत्यक्ष जमिनीवर भक्कम कुंपण घाला. खडूची रेष किंवा रंगीत फीत दुसऱ्या दिवशी कुणी पाळत नाही.

वाटा कुट्यांच्या आधी

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट जॉन बेटावर स्टॅनली सेलेंगट यांनी १९७६ मध्ये माहो बे इथे मुक्कामाची जागा सुरू केली. ती २०१३ पर्यंत चालली. उतारावर लाकडी चौथऱ्यांवर उभे केलेले कापडी तंबू-कुट्या आणि त्यांना जोडणारे जमिनीपासून उचललेले लाकडी पूल, अशी तिची रचना होती. रस्ते कापले नाहीत, चर खणले नाहीत. पाइप आणि तारा त्या पुलांच्या पोटाखालून गेल्या. इतकी वर्षं झाली तरी नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी हेच उदाहरण सांगतो. वाट आधी बांधली की तिच्यावरूनच पुढचं सामान जातं, तिच्याखालूनच पाणी आणि वीज जाते, आणि आजूबाजूच्या मातीला पाय लावायची गरजच उरत नाही.

वाहनं कडेलाच थांबवा. कुट्यांपासून दोनतीनशे मीटरवर, आधीच दाबल्या गेलेल्या किंवा उजाड तुकड्यावर. सामानासाठी हातगाडी, आणि ती नीट जाईल म्हणून मुख्य वाट १.२ मीटर रुंद. हे ऐकून पाहुणे नाराज होतील असं तुम्हाला वाटेल. आरक्षणाआधी स्पष्ट सांगितलं तर होत नाहीत, आणि ती पाच मिनिटांची चाल संपेपर्यंत माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. मात्र एक कुटी कडेजवळ, १२ मीटरला एक मीटर यापेक्षा जास्त चढ नसलेल्या सपाट वाटेवर ठेवा. चाकाच्या खुर्चीतल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसालाही जंगल हवं असतं.

उतारावर वाट सरळ खाली नेली तर पहिल्याच पावसाळ्यात तिचा ओढा होतो. जंगलवाटा आखणाऱ्यांचा नियम लक्षात ठेवा: वाटेचा चढ त्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आत असावा. वाट किंचित खालच्या बाजूला कलती ठेवली की पाणी तिच्यावरून आडवं निघून जातं.

मुळांवरून जाताना खणायचं नाही. आहे त्या पाचोळ्यावर लाकडाच्या चिपांचा दहा ते पंधरा सेंटिमीटरचा थर पसरायचा आणि दर वर्षी-दोन वर्षांनी भर घालायची. ओलसर जागी उचललेली फळ्यांची वाट. खडी वापरायचीच असेल तर तिचा दगड पाहा; आम्ल मातीच्या जंगलात चुनखडीची खडी टाकली तर वाटेच्या दोन्ही बाजूंची माती बदलते आणि तिथे भलताच झाडोरा उगवतो.

शिवाय वाटा मोजक्या आणि पक्क्या हव्यात. सगळीकडे थोडं थोडं फिरू दिलं तर नुकसान विखरून सौम्य होईल असं वाटतं, पण घडतं उलटंच. जमिनीलगतच्या वनस्पतींचं बहुतेक नुकसान पहिल्या थोड्याशा वावरातच होऊन जातं. नंतर पावलं दुप्पट झाली तरी त्यात फारशी भर पडत नाही. एक वाट पूर्ण द्यावी आणि बाकीचं जंगल पूर्ण राखावं.

पाया, जो उद्या काढता येईल

काँक्रीट टाळण्याची दोन कारणं. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा साधारण सात-आठ टक्के वाटा सिमेंटचा आहे, आणि जंगलात ओतलेलं काँक्रीट पुन्हा काढायचं तर सगळी माती उलथावी लागते. त्याऐवजी मळसूत्री खांब वापरा: खालच्या टोकाला पाती असलेला पोलादी नळ, स्क्रूसारखा पिळून जमिनीत उतरवायचा. ही युक्ती नवी नाही. अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने १८३३ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि वाळूत उभी राहणारी दीपगृहं त्यावर बांधली गेली. मिचेल तेव्हा अंध होते. जे खांब समुद्राच्या हलत्या वाळूत टिकले, त्यांना छोट्या लाकडी कुटीचं ओझं जड नाही. काम संपलं की उलटे फिरवून ते बाहेरही निघतात.

खांब बसवण्याआधी त्या जागी पातळ लोखंडी सळई टोचून पाहा. अंगठ्याहून जाड मूळ लागलं तर खांब वीतभर सरकवा. यासाठी कुटीचा सांगाडा थोडी सरकासरकी सोसेल असाच आखायला लागतो. हे सुताराला आधीच सांगा. खांब हाताने धरायच्या छोट्या यंत्राने आणि माती कोरडी असतानाच बसवा. खडकाळ जमिनीत मळसूत्री खांब उतरत नाहीत. तिथे उघड्या खडकावर किंवा सपाट दगडांवर टेकवलेले, उंची कमीजास्त करता येणारे पाय चालतात.

आता कुटीचं चित्र काढा

पंधरा ते पंचवीस चौरस मीटर दोघांना भरपूर होतात. प्रत्येक कुटीत स्वयंपाकघर आणि न्हाणी देण्याऐवजी स्वयंपाकाचा एक सामाईक ओटा आणि न्हाणीघर केलं तर निम्मे पाइप वाचतात. भिंती आणि जमीन कार्यशाळेत तुकड्यांत तयार करून आणा. प्रत्येक तुकडा दोन माणसांना वाटेवरून उचलून नेता येईल इतकाच. जोडताना सरस नको. स्क्रू आणि बोल्ट वापरले तर तीस वर्षांनी तेच लाकूड दुसरीकडे लागेल.

लाकूड विषारी रसायनांशिवाय टिकवायचं असेल तर त्याला कोरडं राहू द्यायला हवं. टिकाऊ जातीच्या झाडाचा गाभा वापरा, छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढा, तळ जमिनीपासून हातभर वर ठेवा आणि खालून वारा खेळू द्या. जपानमध्ये फळ्यांचा दर्शनी भाग जाळून काळा करण्याची जुनी पद्धत आहे. तीही चांगली टिकते.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. छप्पर आलं की त्याखालच्या मातीला पाऊस मिळणं बंद होतं, आणि त्या मातीत शेजारच्या झाडाची मुळं असतात. टाकी भरल्यावरचं पाणी पन्हळीतून एकाच ठिकाणी सोडू नका. भोकं पाडलेल्या पाइपने ते कुटीच्या आसपास आणि पोटाखाली पसरून जिरवा.

मोठ्या काचेत जंगल दिसतं, आणि पक्ष्यांनाही ते खरंच वाटतं. काचेच्या बाहेरच्या बाजूला पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा बारीक रेघा असल्या की पक्षी धडकत नाहीत. आतल्या पडद्याचा किंवा एकट्यादुकट्या चिकटवलेल्या ससाण्याच्या चित्राचा उपयोग होत नाही. ही रक्कम काचेच्या खर्चातच धरा. सकाळी ओट्यावर मरून पडलेला पक्षी पाहण्यापेक्षा काचेवरचे ठिपके केव्हाही सुसह्य.

शौचालय

सगळ्यात जास्त विचार इथे करा. बहुतेक चांगले प्रकल्प इथेच अडखळतात. फ्लशच्या एका ओढीला सहा ते नऊ लिटर स्वच्छ पाणी जातं आणि ते सगळं मैलायुक्त होऊन कुठेतरी मुरवावं लागतं. जंगलात मला कोरडं, मैल्याचं खत करणारं शौचालय पटतं, आणि त्यातही मूत्र वेगळं वळवणारं. दुर्गंधी येते ती मुख्यतः दोन्ही एकत्र भिजल्यामुळे. भांड्याच्या पुढच्या भागातून मूत्र वेगळ्या नळीने गेलं, मागे पडणाऱ्या मैल्यावर दर वेळी मूठ-दोन मूठ कोरडा भुसा टाकला आणि टाकीला छपराच्या वर जाणारा, जाळी लावलेला हवेचा नळ दिला, की वास राहत नाही आणि माश्याही होत नाहीत.

दोन टाक्या ठेवा. एक भरली की बंद करून दुसरी सुरू करायची. बंद टाकीतला मैला किती काळ ठेवायचा याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की २० अंश सेल्सिअसपेक्षा थंड हवेत दीड ते दोन वर्षं, आणि त्याहून उष्ण हवेत एका वर्षाहून अधिक. या मुदतीत घाई नको. टाकीचा आकार या काळावरून काढायचा असतो.

मग मूत्राचं काय? दोन माणसं, २०० रात्री, दिवसाला माणशी सव्वा लिटर, म्हणजे एका कुटीचं वर्षाला ५०० लिटर. शरीरातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनचा मोठा भाग त्यातच असतो. शेताला ते उत्तम खत आहे, पण जुन्या जंगलाची माती कमी अन्नावर जगायला सरावलेली असते. तिच्यात नायट्रोजन ओतला की जमिनीलगतच्या नाजूक वनस्पती मागे पडतात आणि आडदांड तण माजतं. म्हणून मूत्र आणि तयार झालेलं खत, दोन्ही जंगलाबाहेरच्या फळबागेत किंवा शेतात, तिथल्या नियमांप्रमाणे जायला हवं. 'नैसर्गिकच तर आहे' म्हणून झाडाखाली ओतणं हा जंगलाच्या हद्दीत होणारा सगळ्यात सुसंस्कृत दिसणारा उकिरडा.

वापर कसा करायचा हे भिंतीवर चित्रांनी दाखवा आणि आल्या-आल्या प्रत्येकाला तोंडी सांगा. लाजू नका. यजमान मोकळेपणाने बोलला तर पाहुणाही नीट वापरतो.

न्हाणी आणि ओट्याचं सांडपाणी चोवीस तासांपेक्षा जास्त साठवलं की सडू लागतं. आधी तेल अडवणारी छोटी टाकी, मग खडी आणि वाळूत लावलेल्या बोरूसारख्या पाणथळ वनस्पतींचा वाफा, मग जमिनीत उथळ जिरवणी. आणि हे सगळं ओढ्यापासून, झऱ्यापासून, विहिरीपासून दूर. कायद्याने सांगितलेलं अंतर कमी वाटलं तर स्वतःहून वाढवा. साबण तुम्हीच द्या. पाहुण्याने आणलेल्या बाटलीत काय आहे यावर तुमचा ताबा नसतो; तुमचा साबण आधीच ठेवलेला असेल तर बहुतेकजण तोच वापरतात.

वीज थोडी, उजेड त्याहून थोडा

प्रत्येक कुटीच्या छपरावर सौर पॅनेल लावायचा मोह होतो, पण सावलीत ते जवळपास निकामी असतं. एका फांदीची सावलीसुद्धा अख्ख्या ओळीचं उत्पादन पाडते, आणि मग कुणीतरी फांदी छाटायला निघतं. त्यापेक्षा वाहनतळाजवळच्या मोकळ्या तुकड्यावर एकत्र पॅनेल लावा आणि तार वाटेच्या पोटाखालून आणा.

हिशेब असा. एका कुटीत ५ वॉटचे चार दिवे चार तास म्हणजे ८० वॉट-तास, ३० वॉटचा पंखा आठ तास म्हणजे २४०, पंप आणि फोन मिळून ६०, एकूण ३८०. चार कुट्यांचे १,५२० आणि सामाईक फ्रिजचे ८०० धरून २,३२०. दिवसाला चार तासांइतकं पूर्ण ऊन आणि तीस टक्के घट धरली तर सुमारे ८३० वॉटची पॅनेल लागतात. दोन ढगाळ दिवस निघावेत आणि बॅटरी ऐंशी टक्क्यांपलीकडे रिकामी होऊ नये, म्हणून ती ५.८ किलोवॉट-तासांच्या आसपास. केस वाळवायचं एक यंत्र १,५०० वॉट ओढतं. ते आणि पाण्याची किटली कुट्यांत नको, हे आरक्षणाच्या वेळीच सांगावं.

दिव्यांसाठी डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेच्या पाच कसोट्या पुरेशा आहेत: खरोखर गरज असेल तरच, हव्या तेवढ्याच जागेवर, लागेल तेवढाच मंद, लागेल तेवढाच वेळ, आणि उबदार रंगाचा. व्यवहारात याचा अर्थ वाटेवर घोट्याच्या उंचीवरचे, वरून झाकलेले, ३००० केल्व्हिनच्या खालचे पिवळसर दिवे. पावलाच्या चाहुलीने लागणारे आणि मिनिटभरात विझणारे. झाडांवर खालून प्रकाश टाकायचा नाही, झालरी टांगायच्या नाहीत. काजव्यांच्या माद्या नरांचे इशारे अंधारात ओळखतात. आपला एक दिवा त्या बोलण्यात खंड पाडतो.

वणवा

भोवती झाडं, लाकडी भिंती आणि एकच चिंचोळी वाट. यातला धोका सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. वणव्यात घरं बहुतेकदा उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात; ज्वाळा तिथवर पोचायच्याही आधी. म्हणून कुटीभोवतीच्या दीड मीटरच्या पट्ट्यात जळणारं काहीच नको: पाचोळा नको, सरपणाची रास नको, वाटेच्या चिपाही त्याआधीच थांबवून तिथे खडी. हवेच्या झरोक्यांना आणि कुटीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेला तीन मिलिमीटरच्या भोकांची धातूची जाळी. छप्पर पेट न घेणारं. पन्हळी कोरड्या ऋतूत दर आठवड्याला साफ.

बाहेर पडायला दोन वेगळ्या दिशांच्या वाटा हव्यात. दुसरी वाट निघतच नसेल तर त्या जागी कुटी बांधू नका. इतर काही तडजोडी चालतात, ही नाही. टाकीतलं काही पाणी कायम आगीसाठी राखून ठेवा आणि बाहेर अग्निशमन दलाच्या नळीला जुळणारी तोटी बसवा. स्थानिक दलाला एकदा जागेवर बोलावून दाखवा. शेकोटी एकच, सामाईक, यजमान समोर असताना, आणि कोरड्या ऋतूत बंद. तिच्यासाठी जंगलातलं पडलेलं लाकूड वेचू देऊ नका. ते वर सांगितलेल्या भुंगेऱ्यांचं आणि बुरशांचं आहे.

काम चालू असताना

गुत्तेदाराशी करार करताना झाडांची हद्द आणि ती ओलांडल्यास दंड हे कलम घाला. विणीच्या हंगामात छाटणी नाही. ओल्या मातीवर कुठलंही चाक नाही. बाहेरून येणारी वाहनं, अवजारं, बुटांचे तळवे फाटकावरच धुवायचे, कारण मातीतून मुळं कुजवणारे रोग आणि तणांचं बी येतं. बाहेरची माती आणायचीच नाही. सिमेंटची, रंगाची भांडी आत धुवायची नाहीत. आणि तुम्ही स्वतः तिथे असा. कागदावरचे नियम जागेवर यजमानाच्या नजरेनेच पाळले जातात.

पहिले पाहुणे आणि त्यानंतर

पहिला मुक्काम तुमचाच. प्रत्येक कुटीत तीन रात्री राहा, सगळं वापरा, रात्री एकदा पावसात शौचालयापर्यंत चालत जा. मग ओळखीच्या, मोकळेपणाने बोलणाऱ्या माणसांना बोलवा. त्यानंतर बाकीचे.

वर्षातले काही आठवडे जागा पूर्ण बंद ठेवा: वीण, फुलोरा किंवा चिखल, तिथे जे लागू असेल त्याप्रमाणे. दोन कुट्या असतील तर आळीपाळीने एकीला विश्रांती द्या. दर वर्षी त्या खुंट्यांपाशी फोटो काढा, टाक्यांची नोंद ठेवा, वाटेची रुंदी मोजा. १.२ मीटरची वाट १.६ झाली असेल तर लोक चिखल चुकवून कडेने चालताहेत; तिथे फळ्या टाका. लोक मधूनच आडवाट पाडत असतील तर पाटी लावण्याआधी आपली वाट चुकीच्या ठिकाणी आहे का ते पाहा. तिसरी कुटी सुरू करायची की नाही, हे या वहीतल्या नोंदींवरून ठरवा.

एक फाइल मात्र पहिल्याच दिवसापासून ठेवा: प्रत्येक खांब कुठे आहे, पाइप कुठून गेले, कुठला तुकडा कुठल्या बोल्टने जोडला आणि कुटी कोणत्या क्रमाने उलगडायची. सुताराला काम संपताना ते लिहायला बसवा, सोबत फोटो काढा, आणि एक प्रत जागेवर, एक घरी ठेवा.